पडदा चौदा वेळा उठला: एका ऑडिओ शौकिनाने अपग्रेड थांबवल्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

दापोली तालुक्यातलं, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवरचं गाव. चिऱ्याचं घर, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, परसात माड-पोफळी आणि डोंगरउताराला साठ-सत्तर हापूसची कलमं. घरधनी माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. गाव त्यांना मास्तर म्हणतं, मीही इथे तेच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे मात्र त्यांच्याच वहीतले आहेत आणि ते मांडायला त्यांची हरकत नाही.

मी खाडीपलीकडचा, गुहागर तालुक्यातला. रेडिओ, टीव्ही, ॲम्प्लिफायर दुरुस्त करत तीस वर्षं काढली. तेव्हा या गोष्टीत मी काही तटस्थ नाही. दुरुस्तीवाल्याला विचारलं तर तो दुरुस्तीच सुचवणार, हे वाचताना ध्यानात असू द्या.

मास्तरांचा शौक २०१२ साली सुरू झाला. वडील गेल्यावर माळ्यावरची लाकडी पेटी खाली आली. तीत दीडेकशे एलपी निघाल्या. नाट्यसंगीत, अभंग, थोडं शास्त्रीय. त्या वाजवायला टर्नटेबल हवं, टर्नटेबलला ॲम्प हवा, ॲम्पला स्पीकर हवेत, इथवर सगळं सरळ होतं. मग माजघरालगतची बारा बाय दहाची खोली ‘गाण्याची खोली’ झाली आणि दरवर्षी मे महिन्यात, आंब्याच्या पेट्यांचे पैसे हातात पडले की मुंबईहून किंवा पुण्याहून एखादं पार्सल यायला लागलं. अकरा वर्षांत तीन जोड स्पीकर, चार ॲम्प, चार डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्पला चालेल असा सिग्नल करणारी पेटी) झाले. केबली तर मोजण्यापलीकडच्या. मास्तर गणिताचे असल्याने हिशोब पक्का होता. गेले ६ लाख ४० हजार, जुनं विकून परत आले २ लाख १० हजार.

वहिनींनी कधी भांडण काढलं नाही. मास्तरांच्या आई पडवीत बसून सेलवरचा ट्रान्झिस्टर ऐकायच्या, आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र. खोलीतलं गाणं त्यांना कसं वाटतं असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, “तो कुठे पुरं लावतो? दोन मिनटं झाली की उठतो नि काहीतरी फिरवतो.”

अडचण

२०२३ च्या जुलैत मास्तरांचा फोन आला. डाव्या बाजूचा आवाज मधेच जातो. हळू लावलं की जातो, मोठं केलं की येतो. त्यांनी निदानही करून ठेवलं होतं: साठ वॅटचा ॲम्प या स्पीकरना पुरत नाही, दम कमी पडतोय. मुंबईच्या एका विक्रेत्याने दुजोरा दिला आणि दीडशे वॅटचा ॲम्प सुचवला. जुना देऊन वर १ लाख ८० हजार. मास्तरांनी २० हजार टोकन पाठवूनही टाकलं होतं. मला फोन कशासाठी, तर नवा ॲम्प आल्यावर स्टॅबिलायझर कोणता घ्यावा म्हणून.

पैसे कुठले, हे मला वहिनींकडून कळलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडात फार नासधूस झाली. या घराचीही अर्धी कौलं उडाली. पावसाच्या तोंडावर मिळेल तो माणूस गाठून, मिळतील ती कौलं चढवून तात्पुरतं शाकारलेलं. पागोळीकडच्या बाजूला वाशांची टोकं भिजून कुजली होती. आंब्याच्या तीन हंगामांचे पैसे जमवून वासे आणि रिपा बदलायच्या, असं ठरलेलं होतं. त्यातलं तिसरं वर्ष हे. वहिनी एवढंच म्हणाल्या, “वासे काय, आणखी एक पावसाळा धरतील. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.”

वादळानंतर गावात कित्येक दिवस लाईट नव्हती. त्या दिवसांत मास्तर आईजवळ पडवीत बसून रोज ट्रान्झिस्टर ऐकायचे. आवडीने ऐकायचे, हे त्यांनी स्वतःच मला पुढे सांगितलं. तेव्हा मात्र त्यांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

खरी अडचण ॲम्पची नव्हती असं मी आता म्हणतो, पण त्या दिवशी मला ॲम्पच दिसला. आवाज हळू असताना जातो आणि मोठा केल्यावर येतो, हे लक्षण मी दुकानात शेकडो वेळा पाहिलंय. ॲम्पच्या आत स्पीकर वाचवायला रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, असतो. चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी ‘टक्’ होतं ना, तोच. त्याच्या काँटॅक्टवर आपल्या हवेत, खाऱ्या आणि ओल्या, पुटं चढतात. हळू आवाजात करंट इतका कमी असतो की तो त्या पुटातून पलीकडे जात नाही. मोठं केलं की जातो. दम कमी पडण्याशी याचा काडीचा संबंध नाही. दीडशे-दोनशे रुपयांचा भाग.

समोर असलेले पर्याय

पुढच्या रविवारी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलो आणि मास्तरांच्या ओटीवर बसून चहाबरोबर एकेक पर्याय काढला.

पहिला, ठरल्याप्रमाणे नवा ॲम्प घेणं. मास्तरांना कागद-पेन्सिल दिली की ते स्वतःच खरं बोलतात, म्हणून आकडे त्यांनाच मांडायला लावले. साठाचे दीडशे वॅट म्हणजे अडीच पट. डेसिबलमध्ये, म्हणजे आवाजाच्या मापात, ती वाढ जेमतेम ४. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहा पट वॅट. त्यांच्या स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल, एक वॅटला एक मीटरवर. ते बसतात अडीच मीटरवर आणि ऐकतात घरगुती आवाजात. हिशोब केला तर साठातले एक-दोन वॅटही रोज खर्च होत नव्हते. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, “मग हा दम जातो कुठे?”

दुसरा पर्याय दुरुस्तीचा. त्यावर फार बोलायला नकोच.

तिसरा पर्याय मास्तरांनीच त्राग्याने काढला. सगळं विकून टाकतो, एक ब्लूटूथ स्पीकर आणतो आणि मोकळा होतो. शौकाने पोळलेली माणसं हे हमखास बोलतात. मला ते पटत नव्हतं, पण मी ठामपणे नाही म्हटलं नाही. त्याची किंमत पुढे येतेच.

चौथा, खोली सुधारणं. वस्तू घेण्याआधी हेच पाहायला हवं होतं असं माझं मत, पण खोली सुधारण्याचंही व्यसन लागू शकतं. फोमचे पॅनल, खालचे सूर शोषणारे कोपऱ्यातले सापळे, आणि तेही पार्सलनेच येतात.

पाचवा होता काही काळ काहीच न घेण्याचा. हा त्या दिवशी कोणालाच सुचला नाही. तो सुचवला वहीने.

वही

मास्तर प्रत्येक नव्या वस्तूनंतर वहीत शेरा लिहीत. तारीख, वस्तू, किंमत, आणि ऐकून काय वाटलं. ॲम्प उघडून मी रिले काढत होतो, तोवर त्यांचा मुलगा वही मोठ्याने वाचायला लागला. हेतू चेष्टेचाच होता. २०१३, नवे स्पीकर: ‘पडदा उठल्यासारखं वाटलं.’ २०१४, केबल: ‘एक पडदा दूर झाला.’ २०१६, डॅक: ‘गायक समोर बसलाय, मधला पडदा गेला.’ पोरगा मोजत गेला. अकरा वर्षांत पडदा चौदा वेळा उठला होता. मास्तर ऐन तारुण्यात शिमग्यातल्या नाटकांतून कामं करायचे, त्यामुळे शब्द पडद्याचाच येणार हे ठीक. पण आतून वहिनींनी विचारलं, “नाटक कधी सुरू होणार?”

सगळे हसले, मास्तरही हसले. मग त्यांनी वही मागून घेतली आणि बराच वेळ चाळत बसले. त्यांना त्यात काय दिसलं ते त्यांनी आठवड्याने सांगितलं. शेरे सगळे पार्सल आल्यापासूनच्या पहिल्या दहा दिवसांतले. त्यानंतरची पानं कोरी. आणि अकरा वर्षांच्या शेऱ्यांत रागाचं नाव तीन ठिकाणी होतं. ‘खालचा भाग’, ‘वरचा भाग’, ‘मधला भाग’, ‘जागा’ असे शब्द पानोपानी.

काय केलं

रिले बदलला. डावी बाजू परत आली. उघडलंच आहे म्हणून सगळी जोडणी काँटॅक्ट क्लीनरने पुसली, ॲम्प बंद कपाटातून काढून उघड्या फळीवर ठेवला. एलपींच्या कपाटात पावसाळ्यापुरता १५ वॅटचा साधा बल्ब लावून दिला, कव्हरांवर बुरशी धरत होती.

दुसरं काम चाचणीचं. आदल्या वर्षी मास्तरांनी ४६ हजारांचा डॅक घेतला होता. जुना, नऊ हजारांचा, अजून विकला गेला नव्हता. नवा ‘कितीतरी उघडा’ वाजतो असं त्यांचं म्हणणं, आणि मुलाने मागे आलटून-पालटून लावले तेव्हा त्यांनी बारापैकी दहा वेळा नवाच पसंत केला. खोटं नव्हतं ते. मी दोन्हींच्या आउटपुटला मल्टिमीटर लावला आणि १०० हर्ट्झचा सूर वाजवला. जुना २.० व्होल्ट, नवा २.३. म्हणजे नवा १.२ डेसिबलने मोठा. एवढा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘चांगला’ म्हणून कळतो. सगळी मेख तिथे आहे. लॅपटॉपमधून नव्याचा आवाज तेवढा खाली आणला आणि पुन्हा बारा फेऱ्या केल्या, या खेपेला कोणता वाजतोय ते ओळखायचं. मास्तरांना सात ओळखता आले. नाणं उडवलं असतं तरी सहाच्या आसपास आले असते. बारा फेऱ्या म्हणजे काही मोठं संशोधन नव्हे, आणि सगळे डॅक सारखेच असा माझा दावाही नाही. पण त्या खोलीत, त्या कानांना, त्या ३७ हजारांचा पत्ता लागला नाही.

केबलीचंही तिथेच उरकलं. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर, तीन मीटर जायला आणि तीन यायला, विरोध सुमारे ०.०४ ओहम. समोर स्पीकर आठ ओहमचा. मास्तरांनी भागाकार केला आणि विषय बदलला.

खोलीवर मात्र वेळ घालवला, कारण तिथे खरंच काही मिळालं. मास्तरांची तक्रार जुनी होती: डग्गा घुमतो, तबला कळत नाही. बारा फूट लांबी, दहा रुंदी, नऊ उंची. खोली कोणत्या सुरांवर स्वतःच घुमते ते काढायला आवाजाच्या वेगाला लांबीच्या दुपटीने भागलं की ४७ हर्ट्झ, रुंदीने ५६, उंचीने ६३. तिन्ही घुमारे एकमेकांना चिकटून. त्यात स्पीकर कोपऱ्यात आणि मास्तरांची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली. भिंतीशी खालच्या सुरांचा दाब सर्वांत जास्त असतो, म्हणजे खोलीतल्या सगळ्यात वाईट जागी बसून ते अकरा वर्षं स्पीकर बदलत होते. खुर्ची साडेतीन फूट पुढे ओढली. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून अडीच फुटांवर घेतले. मागच्या भिंतीला पुस्तकांची मांडणी आणि घडी करून ठेवलेल्या कापसाच्या गाद्या. गाद्या डग्ग्याचं काही करत नाहीत, पण टाळी वाजवल्यावर चिऱ्याच्या गिलाव्यावरून येणारी झिणझिण थांबली. खर्च शून्य.

खुर्ची ओढल्यावर मास्तर अर्धा तास उठले नाहीत. माझी शेवटची फेरीबोट चुकता चुकता राहिली.

मग करार झाला. महिन्या-वर्षाचा नाही, आगोटीचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या दिवसांचा. एका आगोटीची बेगमी भरल्यापासून पुढच्या आगोटीपर्यंत ऑडिओतली नवी वस्तू घ्यायची नाही. बिघडलं तर दुरुस्ती. झिजलं तर बदल. पार्सल नाही. पैशांची वही वहिनींच्या ताब्यात, ही अट मास्तरांनीच घातली.

काय झालं

टोकनमधले १२ हजार परत मिळाले, आठ बुडाले. विक्रेत्याला दोष देता येत नाही. त्याला ‘दम कमी पडतोय’ असंच सांगितलं गेलं होतं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये वासे बदलले. पहिली आगोट नीट पार पडली. गणपतीत घसरण झाली. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांकडून जुना हेडफोन ॲम्प सहा हजारांत घेतला आणि वहिनींपासून पंधरा दिवस लपवला. पुढे स्वतःच सांगितलं आणि त्याच पाहुण्यांना दिवाळीत परत केला. तेव्हापासून आजवर नवीन काही नाही.

ऐकण्याची वेळ वाढली का? रोजची वाढली नाही, कमीच झाली. पण बसले की एक राग पुरा होईपर्यंत बसतात. विलंबित चाळीस मिनिटांचं असलं तरी. वहीत आता तारीख, गायक आणि राग एवढंच असतं.

आणखी एक गोष्ट या काळात ध्यानात आली, ती मला आधी सुचायला हवी होती. आषाढात मुलाने मोबाइलवरच्या ॲपने खोलीतला आवाज मोजला. गाणं बंद असताना, कौलांवर सडसडून पाऊस पडत होता तेव्हा आकडा साठ डेसिबलच्या पुढे. फोनचं माप काटेकोर नसतं हे खरं, तरी जूनपासून सप्टेंबरपर्यंत या घरात तंबोऱ्याची जवारी ऐकू येणंच अवघड. आणि मास्तरांच्या बहुतेक वस्तू मेअखेर यायच्या. ‘काळ्याभोर शांततेतून सूर उमटतो’ असले शेरे त्यांनी लिहिले होते ते भर पावसातले.

वेगळं काय करता आलं असतं

तीन ठिकाणी.

टोकन देण्याआधी फोन करायला हवा होता, हे मास्तरांचं. पण मला ते निव्वळ त्यांचं वाटत नाही. यापूर्वी दोनदा त्यांनी मला बिघाड सांगितला होता आणि मी हातातल्या कामांमुळे ‘आंबा झाल्यावर बघू’ म्हटलं होतं. गावात दुरुस्तीवाला महिनाभर येत नाही आणि पार्सल तिसऱ्या दिवशी येतं. लोक पार्सल मागवणारच.

दुसरी चूक माझी एकट्याची. मी त्यांना शौकिनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडायला सांगितलं. दिवसभर तिथे नव्या वस्तूंचे फोटो, भाव, कौतुक, त्यापासून लांब राहिलेले बरे. त्यांनी ऐकलं, आणि पुढचे दोन महिने माणूस मिटल्यासारखा झाला. निवृत्त शिक्षक, मुलगा पुण्याला, गावात ख्याल ऐकणारं दुसरं कोणी नाही. गाण्याबद्दल त्यांच्याशी बोलणारी माणसं होती ती त्या ग्रुपातच, मग बोलणं वस्तूंच्या आडून का होईना. हेडफोन ॲम्प त्याच काळातला, हा योगायोग मी मानत नाही. नंतर ते परत ग्रुपमध्ये गेले. आता शनिवारी रात्री दहा-बाराजण एकच रेकॉर्डिंग आपापल्या घरी लावतात आणि नंतर भांडतात. भाव विचारला की मास्तर उत्तर देत नाहीत. मी ग्रुप सोडायला सांगण्याऐवजी आधी त्यांना विचारायला हवं होतं की तिथे तुम्हाला काय मिळतं.

तिसरी चूक सगळ्यांत महाग. त्राग्याच्या त्या आठवड्यात, चाचणी होण्याआधीच, मास्तरांनी टर्नटेबल पुण्याच्या एका गृहस्थांना ३८ हजारांना विकलं. मला वाटलं, बरं झालं, एक बाब कमी झाली. ज्या वस्तूसाठी हा सगळा शौक सुरू झाला तीच पहिली गेली आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. एलपी राहिल्या, वाजवायला काही नाही. मास्तर बोलले नाहीत. बोलल्या त्या आई. एके दिवशी पेटी उघडून बसल्या आणि नवऱ्याच्या हातची, पेन्सिलने नाव घातलेली कव्हरं एकेक करून पुसत म्हणाल्या, “हे आता कशावर रे वाजायचं?” विकायचंच असेल तर दागिन्यासारखं वागावं: सहा महिने नजरेआड ठेवायचं आणि मग ठरवायचं. हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

पुण्याचे गृहस्थ परत द्यायला तयार झाले नाहीत. शेवटी माझ्या दुकानातल्या अडगळीतलं एक जुनं टर्नटेबल, पट्टा आणि सुई बदलून, दिवाळीत दाभोळला उतरवलं. कराराचा भंग आहे का, यावर ओटीवर खल झाला. आईंनी निकाल दिला की घरात होतं तेच परत आलं.

सध्या

लोखंडी स्पीकर स्टँड गंजून खपल्या सोडायला लागले होते. यंदा मे महिन्यात सुतार गोठ्याच्या कामाला आला होता तेव्हा परसात रचून ठेवलेले जुने वासे मास्तरांनी त्याला दाखवले. ऐनाचे, टोकं कुजकी, पण मधला गाभा अजून टणक. चोवीस इंची दोन स्टँड झाले. एकावर जुन्या खिळ्याचं भोक तसंच ठेवलंय. मास्तर म्हणतात ही दुरुस्ती. मुलगा म्हणतो अपग्रेड. वहिनींनी वहीत कोणत्या खात्यावर टाकलं ते अजून कोणाला दाखवलेलं नाही.